एका नराच्या बारा कांड्या

ज्या शहराला एकदा प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, त्या लातुरात मी माशांची पैदास करते. हा टोमणा मी इतक्या लोकांकडून ऐकलाय की आता स्वतःच आधी मारून घेते, म्हणजे पुढच्याला हसायला सवड मिळते. मग प्रश्न येतो, कोणता मासा? मागूर म्हटलं की निम्म्यांना तो माहीत नसतो. मिशांचा, बिनखवल्यांचा, काळसर, चिखलात राहणारा. पाण्याबाहेरही ओल्या गोणपाटात तासन्‌तास जगतो, कारण त्याला हवेतला श्वास घेता येतो. इथवर लोक कौतुकानं ऐकतात. त्यानंतर कुणी विचारलं की तुम्ही नेमकं काय करता, तर मी विषय बदलते.

कारण मी जे करते ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. मादीला संप्रेरकाचं इंजेक्शन द्यायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं पोट हलक्या हातानं दाबून अंडी ताटलीत घ्यायची आणि तिला परत पाण्यात सोडायचं. नराचं तसं नाही. मागुराच्या नराचं बी पोट दाबून निघत नाही. ते आत, खोल, दोन चपट्या पिशव्यांत असतं आणि घ्यायचं तर नर कापावा लागतो. फार तर इतकं करता येतं, की एकदा कापलेल्या नराचं बी प्लॅस्टिकच्या बारीक कांड्यांत भरून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचं, म्हणजे पुढच्या हंगामात दुसरा नर मारायला नको. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाला वापरतात तशाच कांड्या. हे गोठवणं माझ्याकडे आहे. लग्नाच्या बोलण्यांत माझ्या आईनं ‘पोरगी पाण्याच्या खात्यात आहे’ एवढ्यावर बरीच वर्षं निभावलं. एका पाहुण्यांनी फारच खोदून विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं. ते अर्धा चहा ठेवून उठले. आईला राग आला, तो माझा की त्यांचा, हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

लग्न झालं नाही ते झालंच नाही. मासे पैदा करणारी बाई आणि स्वतःला लेकरू नाही, असं कुणी कळवळून म्हणालं की त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतावंसं वाटतं. मला लेकरू नको होतं. मला बोलायला माणूस हवं होतं, आणि आई होती तोवर ते होतं.

वडील लवकर गेले म्हणून आई मला घेऊन माहेरी आली होती, मुदखेडजवळच्या गावात. मी तिथंच वाढले. आम्ही बौद्ध. वर्षावासाचे पावसाळी तीन महिने म्हणजे नेमका मागुराचा हंगाम, त्यामुळे आई सकाळी विहारात शील घ्यायची, त्यातलं पहिलंच जीवहिंसा न करण्याचं, आणि संध्याकाळी मला फोन करून विचारायची, “आज किती कापलेस गं?” मासे तीही आवडीनं खायची, तेव्हा त्यात उपदेश काही नव्हता, नुसती चेष्टा. ती गेल्यावर संध्याकाळी फोन वाजायचा बंद झाला. पहिले काही महिने मी त्या वेळेला मुद्दाम भांडी घासायला घ्यायची.

लातुरात मी राहते त्या गल्लीत सगळ्या खोल्या डॉक्टर व्हायला आलेल्या पोरापोरींना भाड्यानं दिलेल्या. दर जूनला नवी येतात, पाठीवर दप्तर, हातात जीवशास्त्राच्या नोट्स. चेहरे ओळखीचे होईतो परीक्षा होते आणि खोल्या रिकाम्या. सबंध गल्ली जीवशास्त्र घोकते, आणि त्याच जीवशास्त्रावर पोट भरणाऱ्या बाईला कुणी एक शंका विचारायला आलेलं नाही. माझं हसं होईल म्हणून मीही कधी कुणाला हाक मारली नाही. सुटीच्या दिवशी मी आणि दूधवाला यांच्यात जे बोलणं होईल तेवढंच.

अशात एका रविवारी मामांचा फोन आला.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. आईच्या माहेरचं गाव, म्हणून गावातला प्रत्येक बाप्या माझा मामाच. हे मामा भोयाचे. गावच्या तळ्यात मासे धरण्यात त्यांचं सारं आयुष्य गेलं. बायको वारलेली, लेक आणि सून हैदराबादला बांधकामावर, घरात ते आणि जाळं. त्यांना माझं काम कळत होतं. कळत होतं म्हणजे, बी गोठवून ठेवता येतं हे ऐकून न हसलेला माझ्या आयुष्यातला तो पहिला माणूस. फोनवर त्यांनी एकच विचारलं, “भाचे, आपल्या तळ्यातला मागूर संपत आलाय. त्याचं बी धरून ठिवशील का?”

तळ्यात झालं होतं ते असं. गाळ काढला, तळं खोल केलं, ते चांगलंच झालं. पण मागाहून कुणी तरी त्यात परदेशी मागूर सोडला. तो पाळायला बंदी आहे, तरी झटपट वाढतो म्हणून लोक चोरून सोडतात, आणि तो पुढ्यात येईल ते खातो. देशी मागूर विकत मिळत नाही असं नाही. बंगालकडून हवा तेवढा मागवता येतो, मी काम करते त्या मत्स्यबीज केंद्रातही तोच आहे. पण आमच्या तळ्यातल्या मागुराच्या पोटावर हळदीचा हात पुसल्यासारखी पिवळट झाक असते, ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. मामा म्हणायचे, “बाहेरून आनलं तर त्यो मागूर आसंल, आपला नसंल.” शास्त्राच्या भाषेत मी याला वेगळं म्हणते, अर्थ तोच आहे.

गेल्या श्रावणात मामा लातूरला आले. मुदखेडहून नांदेड, नांदेडहून लोहा-अहमदपूर करत एसटीनं, मांडीवर घागर, घागरीच्या तोंडाला ओलं फडकं. कंडक्टरनं विचारलं त्यात काय आहे, तर म्हणाले पावणे हायत. घागरीत तीन माद्या आणि एक नर. दोन महिने जाळं टाकून एवढेच मिळाले होते. मामांनी एकेक मासा माझ्या हातात देताना त्याच्या डोक्यामागच्या हाडावरून अंगठा फिरवून दाखवला. परदेशी मागुराचं हाड तिथं टोकदार लागतं, आपल्याचं गोल. मी हे पुस्तकात चित्रावरून शिकले होते, त्यांना अंगठ्यानं ठाऊक होतं.

अडचण अशी, की माद्यांची पोटं रिकामी होती. अंडी टाकून झालेली, आता पुढच्या पावसाळ्यापर्यंत काही नाही. नर मात्र भरात होता. तो वर्षभर टाकीत जगला तर उत्तम, पण टाकीत आणलेले जंगली मासे महिन्याभरात जखमा होऊन मरतात हे मी अनेकदा पाहिलेलं. मेला तर सगळंच गेलं. कापला तर बी हातात, पण नर गेला. मी मामांना विचारलं, काय करू?

“तुला कळतंय. मी फकस्त आनून दिलं,” म्हणाले. मग त्या नराकडे पाहत, “दुखलं न्हाई पायजे त्याला.”

लवंगेच्या तेलाच्या पाण्यात तो आधी निजवला. मग मी काम केलं. पिशव्या चिरून, जाळीतून गाळून, गोठताना बी फुटू नये म्हणून त्यात औषधी द्रावण मिसळून कांड्या भरल्या. बारा भरल्या. थर्मोकोलच्या तराफ्यावर ठेवून त्या आधी नायट्रोजनच्या वाफेत आणि मग आत बुडवल्या. मामा सगळं उभं राहून पाहत होते. जाताना म्हणाले, “बारा म्हंजे लई झाल्या,” आणि रिकामी घागर घेऊन परतीच्या एसटीत बसले.

त्यानंतर ते दर रविवारी सकाळी फोन करायला लागले. “बी कसं हाय?” हा पहिला प्रश्न. बरं आहे, मी म्हणायची. गोठलेल्या बियाला होणार काय, पण ते विचारायचे आणि मी सांगायची. मग त्यांच्या गावचं पाऊसपाणी, कुणाचं लग्न, विहाराला नवा रंग दिला, असं दहा-पंधरा मिनिटं. मी शनिवारीच ठरवून ठेवायची काय काय सांगायचं. सांगण्यासारखं काही घडलेलं नसलं तर घडवायची सुद्धा. एकदा नुसतं सांगता यावं म्हणून मी गंजगोलाईच्या बाजारात जाऊन साडी घेतली.

आता चूक सांगते, आणि ती माझीच आहे. नायट्रोजनच्या कॅनमध्ये लाकडी पट्टी बुडवून वर काढली की पट्टीवर हिवाचा पांढरा पट्टा उमटतो, त्यावरून आत किती उरलंय ते कळतं. सप्टेंबरात आमच्या कॅनचा पट्टा रोज बोट-बोट खाली यायला लागला. कॅनच्या मानेवर बाहेरून हिव धरलं होतं, म्हणजे तो कामातून गेला. नवा मंजूर होईपर्यंत कांड्या ठेवायच्या कुठं? निलंग्याच्या रस्त्यावर एका गावात जनावरांचा दवाखाना आहे, तिथले पशुधन पर्यवेक्षक ओळखीचे. ते म्हणाले, आणा मॅडम, आमच्या कॅनमध्ये जागा आहे. मी आमच्या बारा कांड्या त्यांच्या कॅनमध्ये तिसऱ्या कप्प्यात ठेवल्या, त्यांना दाखवल्या, आणि निश्चिंत होऊन आले.

कांड्या मी रिकाम्या त्यांच्याच खात्याकडून मागून आणलेल्या होत्या. म्हशीचं बी ज्या रंगाच्या कांड्यांत भरतात, नेमक्या त्या रंगाच्या. आमच्या कॅनमध्ये सगळे मासेच, तिथं रंगाचा प्रश्न आला नव्हता. म्हशींच्या कॅनमध्ये ठेवताना तरी तो माझ्या डोक्यात यायला हवा होता. आला नाही.

नवा कॅन संक्रांतीच्या आठवड्यात मिळाला. मी कांड्या आणायला गेले तर ओळखीचे पर्यवेक्षक दिवाळीपासून आजारपणाच्या रजेवर, त्यांच्या जागी दुसरे आलेले. भला माणूस, घाईचा. दवाखान्याच्या ओट्यावर एक शेतकरी म्हैस घेऊन उभा होता आणि त्यांच्याशी वाद घालत होता.

“सायेब, तिसऱ्यांदा उलटली ही. माझीच न्हाई, आमच्या आळीतल्या समद्याच. दिवाळीपासनं तुम्ही भरविलेली एक बी म्हैस गाभ ऱ्हाईना.”

पर्यवेक्षक म्हणाले, चारा कमी पडतोय, खनिज मिश्रण द्या. मी कॅनचं झाकण काढून तिसरा कप्पा वर ओढला. आत दोन कांड्या होत्या.

मी विचारलं, “इथल्या दहा कुठं आहेत?”

“म्हशीला वापरल्या की,” ते म्हणाले. “मुऱ्हा रेड्याच्या ना त्या?”

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. सांगितलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला आणि ते खुर्चीत बसले. कांडीवर मी पेनानं लिहिलं होतं, पण हिवाळ्यात एकामागून एक म्हशी भरवणारा माणूस कांडीवरची अक्षरं वाचत बसत नाही, रंग बघतो. त्यांना मी दोष दिला नाही, अजूनही देत नाही. ओट्यावरच्या शेतकऱ्याला आम्ही दोघांनीही काही सांगितलं नाही. मी दोन कांड्या नव्या कॅनमध्ये घेतल्या आणि रिक्षानं फाट्यावर आले.

फाट्यावर एसटीची वाट बघताना मला हसू फुटलं. मुदखेडच्या तळ्यातला मागूर निलंग्याच्या म्हशींच्या पोटी. दहा कांड्या. पोट दुखेस्तोवर हसले, लोक बघायला लागले. मग लक्षात आलं की इतकी हसण्यासारखी गोष्ट आहे आणि ती सांगायला मला एकही माणूस नाही. एक होता, त्यालाच ती सांगता येणार नव्हती. एसटी आली तेव्हा मी रडत होते, आणि कंडक्टरनं तिकीट देताना माझ्याकडे पाहायचं टाळलं.

आणखी एक गोष्ट त्या रात्रीपासून डोक्यात राहिली. नराच्या पिशवीतल्या मूळ पेशी काढून साध्या माशाच्या पिल्लात सोडता येतात. ते पिल्लू मोठं झालं की त्याच्या पोटात आपल्या नराचं बी तयार होतं. काही ठिकाणी जमलंय, मी वाचलं होतं, शिकायला पाठवा म्हणून अर्जही केला होता. नर कापला त्या दिवशी पिशवीचा एक तुकडा उरला होता. तोही गोठवून ठेवता आला असता. मी हात धुताना तो नळाखाली सोडून दिला होता, कारण बारा कांड्या भरल्या होत्या आणि बारा पुष्कळ वाटल्या होत्या.

रविवारी मामांनी विचारलं, बी कसं हाय. मी म्हणाले, बरं आहे. पुढं बोलत राहिले, नवा कॅन कसा भक्कम आहे, बी त्यात किती वर्षं राहील, काय काय. फेब्रुवारी, मार्च, उन्हाळा, सगळा खोटेपणात गेला. मी स्वतःला समजावत होते की दोन कांड्या आहेत ना, लागल्या तर लागल्या, मग सांगू. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, की आपलं बी गेलं हे कळलं की मामांना माझ्याशी बोलण्याचं कारण उरणार नाही. मेमध्ये तळं पार आटलं तेव्हा मामांनी गावच्या पोरांना हाताशी घेऊन चिखल उपसला आणि परदेशी मागूर एकेक करून काढला. फोनवर धापा टाकत सांगत होते, “भाचे, घर झाडून ठिवलंय. आता तू पिलं दे.”

तीन माद्यांतली एक वाचली होती. जुलैत तिचं पोट भरलं. आदल्या दिवशी दुपारी इंजेक्शन दिलं, सकाळी अंडी काढली, मोहरीएवढी, चिकट, हिरवट. दोन्ही कांड्या कोमट पाण्यात धरून वितळवल्या, टोकं कापली, बी अंड्यांवर सोडलं आणि कोंबडीच्या पिसानं हलकेच कालवलं. फळलेलं अंडं काचेसारखं आरपार राहतं, न फळलेलं पांढरं पडतं. दुपारपर्यंत ताटलीभर अंडी पांढरी झाली. पांढऱ्यांत एखादं तरी आरपार असेल म्हणून मी भिंग घेऊन एकेक तपासलं. नव्हतं. गोठवलेलं बी कधी लागतं, कधी लागत नाही. दहा कांड्या आणखी असत्या तर पुन्हा पुन्हा करून पाहिलं असतं.

इंजेक्शन दिल्याचं मी मूर्खासारखं मामांना आधीच सांगितलं होतं. ते तिसऱ्या दिवशी घागर घेऊन केंद्राच्या फाटकात उभे. पिलं न्यायला. मी त्यांना आत नेऊन बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. कॅन, कांड्यांचा रंग, म्हशी, दोन कांड्या, पांढरी अंडी, आणि सहा महिन्यांचं खोटं. मध्ये कुठंही थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

मामा म्हणाले, “मादी हाय का अजून?”

“एक आहे.”

“दाव.”

टाकीपाशी नेलं. त्यांनी हात घालून ती अलगद वर घेतली, तिच्या पिवळ्या पोटाकडे पाहिलं आणि सोडली. ओला हात धोतराला पुसत म्हणाले, “मला संक्रांतीपासनं ठावं व्हतं.”

मला कळेना. “काय?”

“बी गेलं म्हून. कसं गेलं ते न्हाई ठावं. आधी मी इचारलं की तू म्हनायचीस बरं हाय, आन् मंग दुसरंच बोलायचीस. संक्रांतीपासनं तू बियाचंच कवतिक सांगून राहिली व्हतीस.”

“मग इतके दिवस विचारलं का नाही? चिखल कशाला उपसला?”

“इचारलं आसतं तर तू सांगितलं आसतंस,” मामा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, टाकीत बघत होते. “सांगितलं आसतंस, म्हंजे बी संपलं. मंग रविवारी मी कशापायी फोन लावावा?”

मी त्यांना जेवायला घातलं आणि दुपारच्या नांदेड गाडीत बसवून दिलं. खिडकीतून त्यांनी एवढंच सांगितलं, की मादीला जप, आणि हवं तर बंगालचा नर लाव, निम्मं तरी आपलं राहील. मी हो म्हणाले.

त्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला नाही. दहा वाजेपर्यंत वाट पाहिली. मग मीच लावला. त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. माशांबद्दल बोलायचं काहीच नव्हतं. तरी आम्ही बराच वेळ बोललो, आणि कशाबद्दल बोललो ते आता मला आठवत नाही.